कोरी झालेली पावती

रविवार, रात्री साडेदहा

बऱ्याच महिन्यांनी आज चिटोऱ्यांचा खोका खाली काढला. बसची तिकिटं, रांगेतले टोकन नंबर, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीपत्रकं, दाराच्या फटीतून आत आलेली हँडबिलं. तळाशी पावत्यांचा गठ्ठा होता. पहिली उलटसुलट करून पाहिली, दोन्ही बाजू कोऱ्या. दुसरीवर जेमतेम एक करडी रेघ. आईचा पहिला चष्मा केला, त्या दिवसाची पावती यातच कुठेतरी आहे. पण नेमकी कोणती, ते आता ओळखता येत नाही.

फार वाईट वाटलं. या पावत्यांवर शाई नसतेच. कागदावरच्या लेपात रंग आणि त्याला काळं करणारं रसायन शेजारी शेजारी असतात आणि छपाईच्या उष्णतेने ते एकत्र येतात. ऊन, उकाडा, हाताचं तेल यांनी तो काळेपणा पुन्हा उतरतो. मी तर त्या जपायच्या म्हणून मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांत घातल्या होत्या! पीव्हीसीला मऊ ठेवणारं रसायन हीच अक्षरं पुसून टाकतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच खोक्यात आजोबांच्या वहीत सापडलेलं बसचं तिकीट आहे. छापखान्याच्या शाईचं, त्यामुळे आकडे आजही ठसठशीत. वर्तमानपत्राची कात्रणं मात्र तपकिरी झालीत, घडीवर तुटतात. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागदातच राहिलं की असं होतं. एका हँडबिलावर जुन्या टाचणीचा गंज उतरलाय. सेलोटेपचं तर नावच नको, टेप सुटून गेली तरी डिंकाचा पिवळा पट्टा कागदात मुरून बसतो. फाटलेलं जोडायचं तर गव्हाच्या खळीने आणि पातळ जपानी कागदाने, म्हणजे पुढे कुणाला पाण्याने सोडवता येतं. लॅमिनेशन करू नये असं मी भेटेल त्याला सांगते. ते परत काढता येत नाही.

कागद आवरताना जॉन जॉन्सनची आठवण झाली. तरुणपणी तो इजिप्तमध्ये प्राचीन उकिरडे उपसून पपायरसचे तुकडे शोधायचा. तिथे लोकांची रोजची कागदपत्रं निघत. पुढे तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मुद्रक झाला आणि आपल्याच काळातला फेकला जाणारा कागद गोळा करू लागला: जाहिराती, तिकिटं, लेबलं, नमुना फॉर्म. दोन हजार वर्षांनी कुणी उकरेल याची वाट कशाला पाहायची? त्याचा संग्रह १९६८ साली ऑक्सफर्डच्याच बोडलियन ग्रंथालयात गेला. त्यात दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत. या सगळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, ‘इफेमेरा’, तो ग्रीकमधला, ‘एका दिवसापुरतं’ या अर्थाचा. मला चिटोरं हाच शब्द जवळचा वाटतो.

युरोपात खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई सुरू झाली तेव्हाच्या सर्वांत जुन्या कागदांतही अशी चिटोरी आहेत. १४५४ सालची चर्चची पापमुक्तीची पत्रं छापील होती, नाव आणि तारीख यांच्या जागा मात्र कोऱ्या. आजच्या फॉर्मसारखीच. तारीख कुणीतरी हाताने भरली म्हणूनच ती नेमकी कोणत्या दिवसाची हे आज कळतं. छापलेल्या शब्दांपेक्षा मला त्या भरलेल्या जागेचं जास्त वाटतं.

म्हणून संध्याकाळभर बसून, ज्यांवर अजून काही दिसत होतं त्या पावत्या स्कॅन केल्या, साध्या कागदावर झेरॉक्सही काढल्या. प्लॅस्टिकचे कप्पे टाकून दिले, आम्लमुक्त कागदाची पाकिटं घेतली. प्रत्येक चिटोऱ्याच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने तारीख आणि एक ओळ: कोण बरोबर होतं, कुठे निघालो होतो. पेन वापरलं नाही, शाई पलीकडे उमटते.

मग आईला फोन केला. चष्म्याची तारीख तिलाही आठवेना. पण दुकानातून बाहेर पडल्यावर घरापर्यंत ती दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत आली होती, हे तिला आठवलं. बाबा म्हणाले होते, अगं हळू वाच.

कोऱ्या पावत्या फेकल्या नाहीत. एका पाकिटात घातल्या आणि वर लिहिलं: यातली एक आईच्या पहिल्या चष्म्याची. घरापर्यंत पाट्या वाचत आली.