डुकरंच का?

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे सगळ्यांनीच विचारलंत. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर. "डुकरंच का? आणि त्यातही त्यांचं... तेच का?" 'तेच' म्हणताना आवाज जमिनीला टेकतो. वृषण म्हणतात त्याला. न उतरलेलं, पोटातच अडकलेलं वृषण. डुकरांमधल्या त्याच्यावरच माझं संशोधन आहे. मी कामावर दिवसातून चाळीसदा म्हणते, कोणाला घेरी येत नाही. तुम्ही हौसेने ऑर्किड आणता ना, ते नावसुद्धा वृषणाच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय.

पूर्वी माझं उत्तर पाठ होतं: "माणसांना उपयोग होतो." एवढं म्हटलं की लोक गप्प होतात.

खरं उत्तर जरा लांबतं. वृषण तयार होतं पोटात, मूत्रपिंडाजवळ. तिथून जांघेपर्यंत आणि जांघेतून खालच्या पिशवीत, असा दोन टप्प्यांचा प्रवास. पहिल्या टप्प्याला लागतो इन्सुलिनच्या कुळातला एक हार्मोन, आयएनएसएल३. तो वृषणातल्याच लायडिग पेशी बनवतात. दुसऱ्याला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचा हार्मोन. या आयएनएसएल३ची जनुकीय प्रत १९९३ साली पहिल्यांदा हाती लागली ती डुकराच्या वृषणातून. १९९९ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची दोन्ही वृषणं वरच राहिली. तेव्हा 'डुकरंच का' हे मला विचारायलाच नको खरं तर.

माझं काम इतकंच. एक उतरलेलं, एक अडकलेलं असा नर शोधायचा. रक्त तेच, आई तीच, खाणं तेच. फरक फक्त जागेचा. दोन्हीकडचा तुकडा घ्यायचा आणि कुठल्या जनुकाचा आरएनए, म्हणजे ते जनुक चालू असताना निघणारी नक्कल, किती आहे ते मोजायचं. ऐकायला चोख वाटतं. पण पोटातल्या उष्णतेने शुक्राणूंच्या पेशी मरतात, वृषण आक्रसतं आणि तेवढ्याच तुकड्यात लायडिग पेशींची गर्दी होते. मग त्यांचं जनुक 'वाढलेलं' दिसतं. प्रत्येक पेशी जास्त बोलतेय की बोलणारीच जास्त आहेत? शिवाय घोटाळा झालेला असतो गर्भात, ११४ दिवसांच्या आत, आणि मी बघते महिन्यांनंतर. वरात गेल्यावर मांडवातल्या पत्रावळी मोजाव्यात तसं. प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी 'कारण' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता. आज त्यातले दोनसुद्धा ठेवले नसते.

आता ते सांगते, जे पंगतीत सांगता येत नाही.

ताईचा मुलगा पंधरा दिवसांचा होता. मी बारशाला गेले होते. न्हाऊ घालणाऱ्या बाई बाळाला पायांवर घेऊन तेल चोळत होत्या. चोळता चोळता थांबल्या. "आजी, बाळाची एक गोटी हाताला लागत नाय." आई घाबरली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात या विषयातली एकमेव शहाणी मी. वाटीतलं सुंठवड्याचं शेवटचं बोट चाटत मी म्हटलं, "शंभरात तिघांचं असतं असं. बहुतेकांचं सहा महिन्यांत उतरतं."

यातला एकही शब्द चूक नव्हता.

सहा महिने झाले तेव्हा माझा प्रबंध सादर व्हायचा होता. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधल्या प्रत्येक कुपीची तारीख मला तोंडपाठ होती. त्या बाळाची नव्हती. बाई तोवर दुसऱ्या घरी जायला लागल्या होत्या. आणि ताईने डॉक्टरांकडे विषय काढला नाही, कारण मावशीने सांगितलं होतं. चार वर्षांचा असताना शाळेतल्या तपासणीत कळलं. सहा ते अठरा महिन्यांत व्हायला हवी ती शस्त्रक्रिया पाचव्या वर्षात झाली. सर्जन चिडलेले नव्हते, त्यांनी सहज विचारलं, "आधी कोणाच्या लक्षात नाही आलं?" ताईने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मी डॉक्टर नाही, डुकरांवर काम करते. सहा महिन्यांनी दाखवायला आईबापांनी न्यायला हवं होतं. भावोजींनाही डोळे होते. हे सगळं मी स्वतःला ऐकवलंय आणि ते खरंही आहे. पण "उतरतं" म्हणताना मी "नाही उतरलं तर दाखवा" हे चार शब्द का गिळले? घाई नव्हती. मला वाटतं, बाईंनी आधी ओळखलं हे मला आवडलं नव्हतं. कदाचित तसंही नसेल. अपराधाला कारण जोडायची मला सवयच आहे.

तेव्हापासून 'माणसांना उपयोग होतो' म्हणवत नाही. डुकराला होतो का? पाळणाऱ्याला होईल, खच्ची केलेला समजून वाढवलेल्या नराच्या पोटात एक वृषण राहिलं तर ते हार्मोन बनवतच राहतं आणि मांसाला उग्र वास येतो. आणि एक वृषण अडकलेल्या नराची पिल्लं घेऊ नयेत, एवढं आजही सांगता येतं. पण त्यासाठी मी दर आठवड्याला तुकडे कापत नाही. एकाच जनावरात एक गेलं आणि एक का राहिलं, हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून कापते. हे उत्तर तुम्हाला पुरणार नाही. मला कधी पुरतं, कधी नाही.

सगळे विचारतात, ताई विचारत नाही.

मंगळवारी देवनारच्या कत्तलखान्यातून फोन आला, एक मिळालाय. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन गोवंडीला गाडीत बसले. शेजारच्या बाईने डब्याकडे बघून विचारलं, "पापलेट का?"

मी हो म्हटलं.