'कमांड नॉट फाउंड' दिसलं की आधी पाथ बघा

अपग्रेडनंतर रोजची कमांड 'सापडली नाही' म्हणाली, की बऱ्याच जणांचा हात लगेच नव्याने इन्स्टॉल करण्याकडे जातो. कृपा करून थांबा. त्या संदेशाचा अर्थ एवढाच असतो की पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या डिरेक्टऱ्यांच्या (फोल्डरांच्या) यादीत, शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) त्या नावाची फाइल मिळाली नाही. फाइल डिस्कवर सुखरूप असू शकते.

हे आठवायला कारण एका मैत्रिणीचा जुना लॅपटॉप. त्यावरचं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ९ वरून १० वर नेलं आणि रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊनसुद्धा नवा वापरकर्ता जोडणारी कमांड 'यूजरअ‍ॅड' चालेना. पॅकेज टाकायला गेलो तर पॅकेजं बसवणारं डीपीकेजी अडून बसलं: 'एलडीकॉन्फिग' ही त्याला लागणारी कमांड पाथमध्ये नाही. मला हा संदेश फार आवडतो, कारण रूटच्या पाथमध्ये कोणत्या डिरेक्टऱ्या असायला हव्यात हे तो खाली लिहूनच देतो. पण घाबरलेला माणूस तिथपर्यंत वाचत नाही.

मी '/यूएसआर/एसबिन/यूजरअ‍ॅड' असा पूर्ण पत्ता दिला आणि कमांड चालली. म्हणजे फाइल जागेवर होती, शोध चुकीच्या जागी चालला होता. २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० पासून 'एसयू' ही कमांड यूटिल-लिनक्स या पॅकेजातून येते. नुसतं 'एसयू' केलं तर तुम्ही रूट होता, पण पाथ साध्या वापरकर्त्याचाच राहतो, आणि त्यात एसबिन (व्यवस्थापनाच्या कमांड असतात ती डिरेक्टरी) नसतं. 'एसयू' पुढे एक जागा सोडून डॅश द्या, रूटचा स्वतःचा पाथ मिळतो. मैत्रिणीचं काम तेवढ्यानेच झालं.

पाथ हाताने वाढवणार असाल तर जुना पाथ त्यात कायम ठेवा. नुसती नवी डिरेक्टरी लिहिली की फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा सापडेनाशी होते.

काही कमांड मात्र खरोखरच जातात. डेबियन ९ पासून नेटवर्कची माहिती दाखवणारी 'इफकॉन्फिग' आपोआप येत नाही; नेट-टूल्स हे पॅकेज टाका, किंवा माझं ऐकाल तर त्याच कामाची 'आयपी' ही कमांड शिकून घ्या. डेबियन १३ मध्ये कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारी 'लास्ट' नाही, त्याच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आहे. मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढलं, म्हणून तिथे नुसतं 'पायथन' लिहून भागत नाही. मॅकवर अपग्रेडनंतर 'गिट'ने एक्सकोडची (अ‍ॅपलच्या प्रोग्रामिंग साधनांची) तक्रार केली तर कमांड लाइन टूल्स परत टाकावी लागतात.

पूर्ण पत्ता देऊन बघणं मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. चाललं तर पाथ दुरुस्त करा, फाइलच नसेल तर पॅकेज शोधा. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्याला दिलं की सगळी संध्याकाळ जाते.

विंडोजवर 'पिंग' आणि 'आयपीकॉन्फिग' दोन्ही एकदम ओळखेनाशी झाली, तर पाथमधून सिस्टम३२ (विंडोजच्या स्वतःच्या कमांड असतात ती डिरेक्टरी) गळलं आहे का ते बघा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ते परत लिहा आणि कमांड प्रॉम्प्टची नवी विंडो उघडा. आधीपासून उघडी असलेली विंडो जुनाच पाथ धरून बसते, त्यामुळे दुरुस्ती होऊनही ती झाली नाही असं वाटत राहतं.