ब्रिजिडच्या आदल्या दिवशीची झाडलोट

शनिवार, ३१ जानेवारी
न्यूब्रिज, काउंटी किल्डेअर, आयर्लंड

पाच वाजून गेले तरी आज खिडकीबाहेर उजेड होता. डिसेंबरात इथे जेमतेम साडेसात तासांचा दिवस असतो, चारच्या सुमारास अंधारून येतं. आता दिवस नऊ तासांच्या घरात आलाय. आणि उजेड वाढला की घर खरं दिसायला लागतं: खिडक्यांच्या कोपऱ्यांत ओलीने धरलेली काळी बुरशी, रेडिएटरमागची जळमटं, जिन्याखालच्या कपाटात कोंबलेलं सगळं. आज सगळं घर आवरायला काढलं.

उद्या १ फेब्रुवारी, इंबोल्क. आयरिश गणतीत वसंताचा पहिला दिवस. साउइन, इंबोल्क, बेल्टेन आणि लूनासा या चार सणांवर जुन्या आयर्लंडचं वर्ष उभं होतं. इंबोल्कचं नातं मेंढ्यांशी. त्या विण्याच्या सुमाराला येतात, कास भरते, आणि हिवाळ्यात आटलेलं दूध परत घरात येतं. तारा नावाच्या टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. त्याच्या दगडी वाटेत याच दिवसांत उगवतीचं ऊन आत शिरतं. ब्रिजिड देवीचं नाव इथे कुणी घेण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं या आठवड्यावर डोळा ठेवून होती, असंच मला त्यावरून वाटतं.

गेल्याच रविवारी रथसप्तमी झाली. आईने साताऱ्याला अंगणात गोवऱ्यांवर बोळकं ठेवून दूध उतू घालवलं, त्याचा व्हिडिओ आला. दूध आणि सूर्य. तिथेही, इथेही. मला याचं दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

हा सण ब्रिजिडचा. जुन्या आयरिश ग्रंथांत ती दाग्दा देवाची मुलगी. एकाच नावाच्या तिघी बहिणी, एकीकडे काव्य, दुसरीकडे वैद्यकी, तिसरीकडे लोहारकाम. पुढे त्याच नावाची संत झाली, तिचा मठ इथून जवळच, किल्डेअरला. बाराव्या शतकात आलेल्या वेल्सच्या जेराल्डने लिहून ठेवलंय की तिथे १९ जोगिणी पाळीपाळीने अग्नी राखत आणि विसाव्या रात्री तो ब्रिजिडच्या हवाली करून निघून जात. सकाळी अग्नी पेटताच असे. इतकी वर्षं जळूनही राख वाढली नाही, असंही तो सांगतो. देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होते याचा वाद अभ्यासकांनी घालावा. माझ्या शेजारच्या आजी दोघींना एकच मानतात, आणि त्या रोज चर्चला जातात.

इंबोल्कला काय करावं हे आजकाल कुठेही वाचा, पहिला सल्ला एकच: पसारा कमी करा, जुनं टाका, मन हलकं करा. सल्ला वाईट नाही. पण त्यातून एक माणूस वगळलं गेलंय, आणि मला वाटतं तेच मुख्य होतं. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५० हजार शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवून काढलं. त्या वह्या आता सगळ्यांना वाचायला मिळतात. ब्रिजिडच्या आदल्या संध्याकाळबद्दल त्यांत ढिगाने मजकूर आहे, आणि त्यात घर झाडायचं ते आपल्याला मोकळं वाटावं म्हणून नाही. ब्रिजिड आज रात्री येणार म्हणून. तिच्यासाठी चुलीपाशी जागा, तिच्यासाठी लोणी. दिवाळीत आमच्याकडे घासूनपुसून घर लख्ख करायचे ते लक्ष्मी येणार म्हणूनच. पाहुणी येणार नसेल तर झाडलोट हे नुसतं काम उरतं.

काउंटी डोनेगलकडे तर दारातला एक विधी होता. घरातली एक मुलगी लव्हाळ्यांचा भारा घेऊन बाहेर उभी राहायची आणि तीनदा हाक द्यायची: गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले म्हणायचे, ये बाई, तुझं स्वागत आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोळचा उंबरा दिसला. हळदीकुंकवाची पावलं, मामी हातात गौर घेऊन. "गौर आली?" "आली." "कशाच्या पावली?" "सोन्याच्या पावली."

आज संध्याकाळी तो विधी केला. लेक बाहेर थंडीत कुडकुडत उभी, हातात लव्हाळे. तिला शाळेत आयरिश असल्यामुळे हाक तिने आयरिशमध्ये दिली, अगदी खणखणीत. मी आतून मराठीत विचारलं, कशाच्या पावली? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, सोन्याच्या. मग आत आली.

लव्हाळे शेजारच्या आजींच्या पाणथळ कुरणातले. ते कापायचे नसतात, उपटायचे असतात, लोखंड लावायचं नाही. त्यांनीच शिकवलं.

टाकायच्या वस्तूंत माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा एक तुकडा निघाला. कधीतरी गोधडीसाठी आणलेला, विरलेला, पदर कुठला काठ कुठला कळेना. तीन वेळा पिशवीत गेला आणि तीन वेळा मी काढला. शेवटी तोच कुंपणाच्या झुडपावर टाकला. इथे आज रात्री बाहेर एक कापड ठेवतात, ब्रात ब्रीद म्हणतात त्याला. ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते. मग ते वर्षभर डोकं दुखलं की कपाळावर बांधायचं, गाय अडली की तिच्या पाठीवर टाकायचं. ब्रिजिडने राजाकडे आपल्या शालीएवढीच जमीन मागितली आणि शाल पसरत पसरत सगळं कर्राचं माळरान व्यापून बसली, अशी कथा आहे. ते माळरान आमच्या गावाला लागूनच आहे, मेंढ्या आजही तिथे मोकळ्या चरतात.

रविवार, १ फेब्रुवारी

लुगडं चिंब भिजलंय. काही घरांत ते रात्री मापून ठेवतात आणि सकाळी वाढलंय का बघतात. आमचं मापलं नव्हतं. लेकीचं म्हणणं, नक्की वाढलंय.

दुपारी किल्डेअरला गेलो. १९९३ मध्ये तो अग्नी पुन्हा पेटवला गेला, तेव्हापासून तो राखला जातोय. चौकात गर्दी होती. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी मिळते, या देशात बाईच्या नावाची पहिलीच. ती उद्या सोमवारी आहे, त्यामुळे लहान मुलं घेऊन बरेच जण बाहेरगावाहून आले होते.

आल्यावर लव्हाळ्यांचे ब्रिजिडचे क्रॉस विणले. मधे चौकोन, चार हात, टोकं दोऱ्याने बांधलेली. माझा जरा तिरका झाला, लेकीचा सरळ. तिचा पुढच्या दारावर लावला. गवताने शाकारलेल्या जुन्या घरांत दरवर्षीचा क्रॉस छपरात खोचून ठेवत, आधीचा काढत नसत. म्हणून आम्हीही गेल्या वर्षीचा तसाच ठेवला, त्याच्या शेजारीच नवा.

बाहेर द्यायच्या पिशव्या गाडीत टाकल्या. मंगळवारी चॅरिटी शॉप उघडलं की पोचवायच्या. लुगडं स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घातलंय, बटाटे उकडलेत, लोणी बाहेर काढून ठेवलंय.