नारायणगावला टोमॅटो आणायला गेलो त्याची गोष्ट

रविवारी सकाळी सहाला वाकडेवाडीच्या स्टँडवरून नाशिकची एसटी पकडली, काम एकच, टोमॅटो. बायको म्हणाली टोमॅटोसाठी कोणी पुण्याहून नारायणगावला जातं का, कोपऱ्यावर गाडीवाला उभा असतो की. आता काय सांगणार.

झालं असं की मागच्या हिवाळ्यात कोथरूडच्या गच्चीवर मी तीन परदेशी जुने वाण लावले, चेरोकी पर्पल, ब्रँडीवाईन आणि सॅन मार्झानो. ब्रँडीवाईनने मला लयच दमवलं, फळं धरायच्या वेळेलाच ऊन तापलं आणि फुलं गळून गेली. चेरोकी मात्र भारी आला, रंग विटका जांभळट, दिसायला आजारी पण चव म्हणजे काय सांगू, जाड चकती कापायची, मीठ भुरभुरायचं, बास. शिजवायचा नाही तो. सॅन मार्झानो त्याच्या बरोबर उलटा, लांबट, गर घट्ट, बिया कमी, इटलीत सॉसला वापरतात आणि मी पावभाजीत घातला तर पाणी आटवायला अर्धा वेळसुद्धा लागला नाही. आणि मग उत्साहाच्या भरात आईला म्हणलं चेरोकीचं सार कर. सार झालं गढूळ आणि गोडुस, आईने शेवटी दोन आमसुलं टाकली आणि म्हणाली, "साराला चुण्यांचा गावठी टोमॅटो लागतो रे, हे नाही."

तो कुठे मिळतो? मित्राच्या आईकडे, नारायणगावजवळच्या खोडदच्या बाजूला. म्हणून एसटी.

चाकणला नेहमीप्रमाणे पाऊण तास गेला, त्याबद्दल काही बोलत नाही. नारायणगावला उतरलो आणि आधी टोमॅटो मार्केट बघायला गेलो, नुसते कॅरेटच कॅरेट, २०-२० किलोचे, जिकडे बघाल तिकडे लाल. एका व्यापारीदादांनी टोमॅटो कमरेच्या उंचीवरून खाली टाकून दाखवला, फुटला नाही. "दिल्लीपर्यंत जातो," म्हणाले. हायब्रीडला नावं ठेवणं सोपंय पण जाड सालीचा असल्याशिवाय तो ट्रकमध्ये टिकणार कसा, आणि २०२३ च्या जुलैमध्ये याच कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला तेव्हा इथल्या कित्येकांची कर्जं फिटली असतील. अमेरिकेत तर एका जुन्या वाणाचं नावच मॉर्गेज लिफ्टर आहे, म्हणजे कर्जफेड्या म्हणा, १९४० च्या दशकात एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्याची रोपं एक एक डॉलरला विकून घराचं ६००० डॉलरचं कर्ज फेडलं म्हणतात.

तिथून वडापने खोडदकडे, वाटेत जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या दिसतात, ४५ मीटर व्यासाच्या, आणि त्यांच्या आसपास माझ्यासारखा टोमॅटो शोधणारा.

काकूंच्या परसात कुंपणावरच पसरलेला वेल. फळं चपटी, घडीच्या पंख्यासारख्या चुण्या, देठापाशी हिरवट खांदा. त्या खांद्याला आपण कच्चा म्हणून नाक मुरडतो, पण खरी गंमत तिथेच आहे. सगळं फळ एकसारखं लाल दिसावं म्हणून निवड करता करता तो खांदा गेला आणि त्याच्याबरोबर फळात साखर तयार करणारं हिरवं द्रव्यही कमी झालं, हे २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकापर्यंत जाऊन दाखवलं. काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हिरव्याची चटणी करते मी, तीळ घालून." विषय संपला. त्यांच्या सासूबाई याला बेलवांगी म्हणायच्या.

सार मात्र त्यांनी करून दाखवलं. टोमॅटो उकडून सालं काढायची, गाळायचं, नारळाचं दूध, चिमूटभर गूळ, वरून तूप-जिरं-कढीपत्ता. दूध पडलं की उकळी आणायची नाही, फुटतं. आंबटपणा एवढा स्वच्छ की मी तीन वाट्या प्यायलो.

बी धरायची पद्धतही विचारून घेतली. गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यायचा म्हणजे बियांवरचं बुळबुळीत सुटतं, मग धुऊन ताटात वाळवायचं, कागदावर नाही, चिकटतं. हायब्रीडचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही.

निघताना काकूंनी दोन किलो पिकलेले पिशवीत घातले. मी म्हणलं मांडीवर धरून नेतो. राजगुरुनगर येईस्तोवर पिशवी खालून ओली, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या आजोबांच्या धोतराला डाग, मी माफी मागत होतो तर ते पिशवीत डोकावून म्हणाले, "गावरान आहेत होय, मग फुटणारच." घरी पोचलो तेव्हा निम्म्यांचा लगदा झालेला. आईने त्यातला एक चमचा गर बियांसाठी वाटीत काढला आणि बाकी पिशवी तशीच पातेल्यात उपडी केली.