आमची वाटचाल: अर्ध्या ड्रमपासून फायबरच्या पात्यापर्यंत

साताऱ्याच्या एमआयडीसीत वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ग्रिल, शटर, टाक्यांचे स्टँड. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून मी हट्ट धरला, शेतातल्या घराला पुरेल अशी लहान चक्की आपण करायची. वारा कुठूनही आला तरी फिरावी म्हणून उभ्या आसाची.

पहिली चक्की २०० लिटरचा ड्रम उभा चिरून केली. फिनलंडच्या सावोनियस यांची १९२०च्या दशकातली रचना. साध्या झुळकीलाही फिरायची. पण ती वाऱ्याच्या ढकलण्यावर चालते, पात्याचं टोक वाऱ्याच्या फार पुढे पळत नाही. बॅटरीत थोडंच जमा व्हायचं.

मग फ्रान्सच्या डॅरियस यांच्या पद्धतीची, तीन सरळ पात्यांची चक्की घेतली. हिची पाती विमानाच्या पंखासारखी. दोन बाजूंच्या दाबातला फरक त्यांना पुढे ओढतो, म्हणून ती वाऱ्याच्या काही पट वेगाने पळू शकतात. आम्ही पत्रा वाकवून पाती केली, आणि चक्की ढिम्म! हाताने फिरवली तर चार फेरे घेऊन थांबायची. दोन महिने आम्ही बेअरिंगच बदलत बसलो. दोष पात्यात होता. वेग कमी असताना वारा पात्यावर फार तिरका येतो, हवा पृष्ठभाग सोडते आणि ओढ संपते. त्यात आमच्या पात्याची मागची कड बोथट.

शेवटी नाका (NACA) ००१८ हा छेद धरला, म्हणजे विमानाच्या पंखांसाठी अमेरिकेत ठरवलेल्या आडव्या कापाच्या आकारांपैकी एक. जाडी रुंदीच्या १८ टक्के, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पात्याला ३६ मिलिमीटर, आणि सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर. आमच्या वेल्डरमामांनी पत्र्याचं टेम्प्लेट कापलं. फायबरच्या पात्यावर ते वीतवीतभर सरकवायचं आणि मधून उजेड दिसला की घासायचं. मागची कड सुरीसारखी केली. सुरुवातीच्या धक्क्यासाठी त्याच शाफ्टवर छोटी सावोनियस बसवली. वेगात ती थोडी आड येते, पण चक्की आपली आपण सुरू होते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

गिऱ्हाईक आलं की आधी जागा बघतो. वारा निम्मा झाला की त्यातली शक्ती आठवा हिस्सा उरते, तिथे कुठलंही पातं कामाचं नाही. इमारतींच्या आडोशाला घर असेल तर सोलर लावा, असंच सांगतो.

सरळ पात्याची ओढ दर फेऱ्यात कमी-जास्त होते, शाफ्टला झटके बसतात. म्हणून आता पीळ दिलेल्या पात्याचा साचा चाललाय. टेम्प्लेट तेच, फक्त दर १० सेंटिमीटरला थोडं फिरवून. मामा अर्ध्यापर्यंत आलेत.