दोन बिगुल

सिडनीच्या सर्क्युलर कीवरून मॅन्लीची फेरी पकडली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ऑपेरा हाऊसचे फोटो होते. एप्रिलचा तिसरा आठवडा, म्हणजे तिकडचा शरद. वारा बोचरा, पण ऊन छान. ऑपेरा हाऊस मागे पडलं आणि उजवीकडे नौदलाच्या राखाडी बोटी दिसायला लागल्या, तेव्हा भाचा सहज म्हणाला, "मावशी, इथवर जपानी पाणबुडी आली होती."

मला वाटलं, गंमत करतोय.

गंमत नव्हती. ३१ मे १९४२ च्या रात्री तीन पिटुकल्या पाणबुड्या या बंदरात घुसल्या. प्रत्येकीत दोनच माणसं. एक पाणबुडीविरोधी जाळ्यात अडकली, तेव्हा आतल्या दोघांनी ती स्वतःसकट उडवून दिली. दुसरी बुडवली गेली. तिसरीने 'शिकागो' या अमेरिकन युद्धनौकेवर दोन टॉर्पेडो सोडले. नेम चुकला आणि त्यातला एक 'कटाबुल' नावाच्या बोटीखाली जाऊन फुटला. ही कटाबुल मुळात आमच्यासारख्या प्रवाशांना बंदर ओलांडून नेणारी फेरीच. युद्धात नौदलाने ती खलाशांना राहायला घेतली होती. २१ जण मेले. मी बसले होते त्या बाकावर हात ठेवून मी जरा गप्पच झाले.

पण खरा चटका पुढच्या भागाने लावला. पहिल्या दोन पाणबुड्या पाण्यातून वर काढल्या, त्यांत चार जपानी मृतदेह सापडले. त्यांच्यावर सिडनीत नौदलाच्या इतमामाने अंत्यसंस्कार झाले आणि अस्थी जपानला पाठवल्या गेल्या. शत्रूचे एवढे लाड कशाला, म्हणून बरीच टीकाही झाली. टीका करणाऱ्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, १५ तारखेला सिंगापूर पडलं होतं आणि सुमारे १५ हजार ऑस्ट्रेलियन सैनिक कैदेत गेले होते. त्यानंतर चारच दिवसांनी जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. ज्या घरातला मुलगा कैदेत आहे की मेला हेच कळत नाही, त्या घराला या अस्थींची बातमी कशी वाटली असेल?

तिसरी पाणबुडी बंदरातून निसटली आणि गायबच झाली. तिचा सांगाडा सिडनीच्या उत्तरेला समुद्राच्या तळाशी सापडला, तो थेट २००६ मध्ये.

मॅन्लीला आम्ही समुद्र फारसा पाहिलाच नाही. मासे-चिप्स खात खात बेतच बदलला. भाच्याला सुट्टी होती, गाडी होती. ठरलं की २५ एप्रिलची पहाट राजधानी कॅनबेरात गाठायची. तो इथला अँझॅक डे, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज, पहिल्या महायुद्धात याच तारखेला तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरलेली.

निघण्याआधी हाइड पार्कमधलं अँझॅक स्मारक पाहिलं. १९३४ चं. घुमटाच्या आतल्या बाजूला १,२०,००० सोनेरी तारे आहेत. न्यू साउथ वेल्समधून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी, माणशी एक. खाली मधोमध खोलगट जागेत ब्राँझचं शिल्प: ढालीवर आडवा पडलेला नग्न तरुण, आणि ती ढाल खांद्यांवर पेलणाऱ्या तीन बाया. आई, बहीण, बायको. बायकोच्या हातात मूल. ते पाहायला तुम्हाला कठड्यावरून खाली वाकावं लागतं. वास्तुकाराने सगळ्यांना माना झुकवायला लावायची ही युक्ती केली असावी. मला आवडली.

सिडनी ते कॅनबेरा सुमारे २८० किलोमीटर. वाटेत कॉफीसाठी एका छोट्या गावात थांबलो. एकच मोठा रस्ता, एक बेकरी, एक पब, आणि चौकात दगडी सैनिक. बंदुकीची नळी खाली, मान खाली. तळाशी नावं. असा सैनिक इथे जवळपास प्रत्येक गावात भेटतो, त्यामुळे भाचा बेकरीकडे वळलाही होता. मी मात्र नावं वाचत बसले. एकाच आडनावाची तीन नावं एकाखाली एक. त्यांतल्या दोघांच्या नावापुढे छोटा क्रूस. क्रूस म्हणजे परत न आलेला. म्हणजे यादीत नुसते मेलेले नव्हते, गेलेले सगळेच होते.

हे असं का, ते मला भाच्याने गाडीत समजावलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांच्या आत. त्यातले ४ लाख १६ हजार भरती झाले, आणि तेही आपखुशीने. ६० हजारांहून अधिक मेले. सक्तीची भरती करावी का, यावर पंतप्रधान बिली ह्यूज यांनी १९१६ मध्ये थेट जनतेचा कौल मागितला. लोक 'नाही' म्हणाले, सुमारे ७२ हजार मतांनी. १९१७ मध्ये पुन्हा विचारलं, तर जास्तच ठामपणे 'नाही'. मजूर पक्ष उभा फुटला, ह्यूज पक्षाबाहेर पडले, घराघरांत भांडणं लागली. क्वीन्सलंडमधल्या वॉरिक स्टेशनवर तर कोणीतरी ह्यूजना अंडं फेकून मारलं. राज्याच्या पोलिसाने मारणाऱ्याला पकडायला नकार दिला. ह्यूज इतके चिडले, की त्यांनी केंद्राचं स्वतःचं पोलीसदल उभारलं. एका अंड्यातून पोलीसदल! युद्धाचे देशांतर्गत परिणाम म्हणून पाठ्यपुस्तकात हे का घालत नाहीत, कोण जाणे.

तर सक्ती नव्हती, म्हणून जो गेला त्याचं नाव दगडावर आलं. आणि ज्याचं नाव नाही, त्याच्या घरच्यांना रोज त्याच चौकातून जायचं होतं. दगडावरच्या यादीइतकीच ही न लिहिलेली यादी गावाला पाठ असणार.

शिवाय मेलेल्यांचे देह परत आलेच नाहीत. ब्रिटिश साम्राज्याचा नियमच होता, जिथे पडला तिथेच पुरायचा. गॅलिपोलीत, फ्रान्समध्ये, पॅलेस्टाइनमध्ये. जहाजाने तिथे जायला महिना-दीड महिना लागायचा. शेतकऱ्याच्या घरातली आई कुठली तिथे पोचायला? तिच्यासाठी चौकातला तो दगड हीच कबर. त्या महायुद्धात परदेशात मेलेल्यांपैकी मेजर जनरल ब्रिजेस यांचा तेवढा देह तेव्हा मायदेशी आणला गेला. त्यांची कबर कॅनबेरात डंट्रूनला आहे. घोड्यांचं आणखी वाईट. १ लाख ३६ हजार घोडे परदेशी पाठवले, परत आला एक. सँडी. तोही याच ब्रिजेससाहेबांचा.

कॅनबेरात मुक्काम मिळवायला नाकीनऊ आले, ते सोडा. पहाटे चारला उठलो. मी पातळ बूट घालून गेले होते, हा मूर्खपणा. युद्धस्मारकासमोरच्या उतारावर अंधारात हजारो माणसं उभी होती. म्हातारे कोटावर पदकं लावून, आणि नातवंडं आजोबांची किंवा पणजोबांची पदकं लावून. आपली पदकं डाव्या छातीवर आणि वाडवडिलांची उजव्या, असा इथला रिवाज. शेजारच्या आजींनी मला रोझमेरीची एक काडी दिली. गॅलिपोलीच्या टेकड्यांवर हे झुडूप उगवतं, म्हणून आजच्या दिवशी ती लावायची.

साडेपाचला सोहळा सुरू झाला. भाषणं थोडकी. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजली. सैनिकी छावणीत दिवस संपल्याची ही धून, आणि दफनाच्या वेळचीही. शेवटचा सूर थांबला की एक मिनिट कोणी हलत नाही. कुठेतरी एक बाळ रडलं, तेवढंच. मग झाडांतले कोकाटू पोपट किंचाळायला लागले आणि उजाडलं.

या स्मारकाची कल्पना चार्ल्स बीन या युद्धवार्ताहराची. फ्रान्समधल्या पोझिएरची कत्तल त्याने १९१६ मध्ये डोळ्यांनी पाहिली होती. इमारत उघडली ११ नोव्हेंबर १९४१ ला, तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. म्हणजे पहिल्याचं स्मारक पुरं होईतो दुसऱ्याची नावं जमायला लागली. आत लांबलचक ओवऱ्यांच्या भिंतींवर ब्राँझचे पत्रे आहेत आणि त्यांवर सुमारे १ लाख ३ हजार नावं. हुद्दा कोणाचाही नाही. कर्नलही नुसतं नाव आणि स्वयंपाक्याही नुसतं नाव. नावांच्या फटींत लोकांनी कागदी लाल पॉपी खोचल्यात. काही ठिकाणी एवढ्या दाट, की नाव वाचायला फूल बाजूला करावं लागतं.

घुमटाखाली अनामिक सैनिकाची कबर आहे. फ्रान्समधून एक अनोळखी ऑस्ट्रेलियन देह आणून १९९३ मध्ये इथे पुरला. सेनापती आधी आला, मग घोडा, आणि मग पाऊण शतकाने हा बिननावाचा.

या स्मारकाबद्दल एक कुरकुर मात्र नोंदवतेच. गोऱ्या वसाहतवाल्यांशी मूळ रहिवासी याच भूमीवर लढले, मेले. त्याला इथे फारच कमी जागा मिळत आली आहे आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शेतजमिनी दिल्या. त्यातही आदिवासी सैनिकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला काही आलं.

व्हिएतनामबद्दल मला वाटत होतं, ते अमेरिकेचं युद्ध. पण ऑस्ट्रेलियाचे जवळपास ६० हजार सैनिक तिथे गेले आणि ५०० हून अधिक मेले. आणि या वेळी सक्ती होती. वीस वर्षांच्या मुलांनी नावं नोंदवायची, मग पिंपात आकडे घातलेल्या गोट्या फिरवायच्या. आकडा म्हणजे जन्मतारीख. गोटी निघाली, की त्या तारखेला जन्मलेल्यांना बोलावणं. काही गोट्या कॅनबेराच्या या स्मारकाने आपल्या संग्रहात जपून ठेवल्या आहेत. तेव्हा मतदानाचं वय होतं २१. लढायला जायचं विसाव्या वर्षी, आणि कोणाच्या हुकमावरून जायचं ते ठरवायचं मात्र एकविसाव्या वर्षी! 'आमची मुलं वाचवा' म्हणत आया रस्त्यावर उतरल्या. १९७१ मध्ये त्यातल्या पाच जणींना तुरुंगातही टाकलं. १९७२ च्या डिसेंबरात सरकार बदललं आणि सक्ती बंद झाली. पुढच्या वर्षी मतदानाचं वय १८ झालं.

परतताना सरळ रस्ता सोडून आम्ही काउराला वळलो. हे माझ्या हट्टाने. पाणबुडीतल्या त्या चार अस्थी डोक्यातून जात नव्हत्या.

काउरा म्हणजे शेतांमधलं शांत गाव. दुसऱ्या महायुद्धात इथे युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. इटालियन कैदी बरेच, त्यांतले अनेक आसपासच्या शेतांवर कामाला जायचे. जपान्यांचं वेगळं. जिवंत पकडलं जाणं हीच त्यांच्या लेखी बेअब्रू, म्हणून अनेकांनी खोटी नावं सांगितलेली. घरच्यांच्या हिशेबी ते केव्हाच मेलेले होते.

ऑगस्ट १९४४ मध्ये शिपायांना वरच्या हुद्द्यांच्या कैद्यांपासून वेगळं काढून दुसऱ्या छावणीत हलवायचं ठरलं. ५ ऑगस्टला रात्री दोनच्या सुमारास बिगुल वाजला. १,१०० च्या आसपास कैदी होते. त्यांतले शेकडो जण बेसबॉलच्या बॅटी आणि धार लावलेल्या जेवणाच्या सुऱ्या घेऊन काटेरी तारांवर धावून गेले. तारांवर ब्लँकेटं टाकली आणि त्यांवरून चढले. हार्डी आणि जोन्स हे दोन पहारेकरी मशीनगनवर होते. गर्दी अंगावर येईपर्यंत ते गोळ्या झाडत राहिले आणि तिथेच मारले गेले, पण त्याआधी त्यांनी गन निकामी केली होती. एकूण ४ ऑस्ट्रेलियन आणि २३१ जपानी मेले. पळालेले सगळे काही दिवसांत सापडले. गावातल्या एकाही माणसाला त्यांनी हात लावला नाही. एका शेतावर तर घरच्या बाईने पळून आलेल्या भुकेल्या कैद्यांना चहा आणि स्कोन्स दिले.

छावणीच्या जागी आता काँक्रीटचे चौथरे आणि गवत. मेंढ्या चरतात. तिथून थोड्या अंतरावर जपानी दफनभूमी आहे. युद्धानंतर या कबरींची देखभाल सुरू केली ती इथल्याच माजी सैनिकांनी. त्यांतल्या कितीतरी जणांचे मित्र जपान्यांच्या कैदेत मेले असतील. १९६४ मध्ये ही रीतसर जपानी युद्ध-दफनभूमी झाली. पुढे १९७९ मध्ये गावात मोठी जपानी बाग झाली, केन नाकाजिमा यांनी आखलेली. बाग सुंदर आहे, पण माझं लक्ष लागेना. मला बिगुलवाला शोधायचा होता.

तो 'झिरो' या जपानी लढाऊ विमानाचा वैमानिक. १९ फेब्रुवारी १९४२ च्या डार्विन हल्ल्यात त्याचं विमान जायबंदी होऊन मेलव्हिल बेटावर उतरलं. तिथल्या तिवी जमातीच्या मथायस उलुंगुरा यांनी त्याला निःशस्त्र करून पकडलं. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पकडलेला हा पहिला जपानी कैदी. नाव विचारलं तर त्याने सांगितलं, तादाओ मिनामी. अडीच वर्षांनी काउरात बिगुल त्यानेच वाजवला आणि त्याच रात्री तो मेला. त्याचा बिगुल आता कॅनबेराच्या त्याच युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे.

कबरी बसक्या, एकसारख्या, ओळीत. पाचशेच्या वर आहेत. आम्ही दोघं दोन टोकांनी वाचत निघालो. गवत नुकतंच कापलेलं होतं आणि बुटांना चिकटत होतं. अर्ध्या तासाने भाच्याने हाक मारली.

पाटीवर मिनामीच होतं. रोझमेरीची काडी अजून माझ्या कोटाला होती, सुकलेली. ती मी तिथे ठेवली. भाच्याने फोनमध्ये पाहून खरं नाव सावकाश वाचलं, "हाजिमे तोयोशिमा." त्याचा उच्चार बरोबर होता की नाही, आम्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग थंडी वाजायला लागली, तसे आम्ही गाडीकडे निघालो.