पाते बाजारचे, मूठ घरची

गेल्या मे महिन्यात मानकुराद आंबा सोलताना रसाने बुळबुळीत झालेल्या माझ्या हातातून स्विस चाकू निसटला आणि थेट चिऱ्याच्या पायरीवर आपटला. पात्याला काही झाले नाही, पण मुठीची एका बाजूची लाल पट्टी टोकापासून पांढऱ्या क्रॉसपर्यंत तडकली. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी मी कॉलेजात असताना हा चाकू आणून दिला होता. तेव्हापासून तो रोज माझ्या खिशात असल्यामुळे पट्टीवरची लकाकी कधीच गेली होती, आणि खरे सांगायचे तर ती तडकल्याचे मला वाटायला हवे होते तितके वाईट वाटले नाही. मूठ बदलण्यासाठी मी बहुधा निमित्तच शोधत होतो.

खिशातल्या चाकूची मूठ बदलायची, तीही टायटॅनियमची, म्हणजे हौशी लोकांचे खूळ, असे कोणी म्हणेल. पण आमच्या गोव्यात, डिचोलीकडे लहानपणी मी जे पाहिले त्याहून हे फारसे निराळे नाही. बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोयत्याचे नुसते पाते आणत. मूठ परसातल्या पेरूच्या फांदीची, कारण पेरूचे लाकूड चिवट आणि सहसा न तडकणारे. फांदी महिनाभर माळ्यावर वाळवायची, तासायची, मग पात्याचे शेपूट चुलीत लाल करून चर्र आवाज करीत तिच्यात बसवायचे आणि फट लाखेने भरायची. जळत्या पेरूचा तो गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. मूठ बाबांच्या हाताच्या मापाची असायची, त्यामुळे त्यांचा कोयता काकांच्या हातात नीट बसत नसे आणि काकांचा त्यांच्या हातात. पाते बाजारचे आणि मूठ घरची, हीच रीत होती; पातेच काय, मूठही कारखान्यातून आयती येऊ लागली ती नंतर.

स्विस चाकूचा मूळ अवतारही लाकडी मुठीचाच. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख या गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि त्या शिपाई-चाकूच्या मुठीला काळपट लाकडाच्या पट्ट्या होत्या. माझ्याकडचा ९१ मिलिमीटरचा चाकू १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकारी-चाकूच्या घराण्यातला आहे. त्याच्या लाल पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना स्क्रू नसतो. चाकूच्या दोन्ही अंगांना रिव्हेटची जी डोकी वर आलेली असतात, त्यांच्यावर त्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, एका टोकाशी पातळ पाते सरकवून उचलले की त्या टक् करून सुटतात.

टायटॅनियम हलके असते म्हणून घ्यावे, असा एक समज आहे. तो पोलादाच्या तुलनेत खरा आहे. एका घन सेंटिमीटरला पोलाद आठ ग्रॅमच्या आसपास, तर टायटॅनियम साडेचार. पण माझी जुनी पट्टी पोलादाची नव्हती, आणि त्या प्लॅस्टिकचे वजन घन सेंटिमीटरला जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे जगातल्या हलक्या धातूची म्हणून मी जी मूठ मोठ्या कौतुकाने मागवली, तिने चाकू हलका न होता चांगला जड झाला. लेंग्याच्या खिशात तो आता ओढ देतो. तरीही मला ते वजन आवडते, आणि हातात घेतल्यावर ॲल्युमिनियमसारखा थंडगार चटका बसत नाही हेही आवडते.

खरे कारण मात्र आमची हवा. जून ते सप्टेंबर इथे चपलांना बुरशी येते, काड्यापेटी पेटत नाही, आणि एका मित्राचा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू लाकूड फुगून असा मिटतो की तो उघडायला दसराच उजाडावा लागतो. टायटॅनियमला या दमट, खाऱ्या हवेचे सोयरसुतक नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा इतका पातळ आणि घट्ट थर धरतो की त्यापुढे समुद्राच्या पाण्याचेही काही चालत नाही. गंमत अशी की हा धातू प्रथम ओळखला गेला तोही किनाऱ्याकडच्याच मुलखात: १७९१ साली विल्यम ग्रेगर या इंग्लिश पाद्र्याने कॉर्नवॉलमधल्या काळ्या वाळूत तो हेरला. तसलीच इल्मेनाइटची, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाची, काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

तोच ऑक्साइडचा थर विजेने जाड केला की पट्टीला रंग चढतो. खायचा सोडा घातलेले पाणी, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, धन टोकाला पट्टी आणि ऋण टोकाला स्टीलचा चमचा, एवढाच संसार. यात रंगद्रव्याचा थेंबही नसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलला जसे रंग दिसतात तसेच हे. थराची जाडी बदलली की प्रकाश निराळा परततो. आधी तांबूस, मग जांभळा, आणि सत्तावीस व्होल्टपाशी निळा. डोळ्यांदेखत दोन-चार सेकंदांत सगळे होऊन जाते.

अट एकच, पट्टीला तेलाचा अंशही लागता कामा नये. मी दोन्ही पट्ट्या स्पिरिटने पुसून सोप्यावर वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि वायर आणायला आत गेलो. तेवढ्यात आई फणस फोडून बाहेर आली. चीक लागू नये म्हणून कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेले. परत आलो तेव्हा तिने एक पट्टी हातात धरली होती.

"ही कसली रे सुरी? धार कुठे आहे हिला?"

"आई, ती मूठ आहे."

"मग पाते कुठे आहे?"

पट्टी मी शर्टाला पुसली आणि पुरे झाले असे समजलो. पाण्यातून निघाली तेव्हा ती निळीशार होती, फक्त एका टोकाशी, जिथे तेलाने वीज अडवली आणि थर पातळ राहिला तिथे, रेघारेघांसकट एक जांभळा अंगठा उमटला होता.

बाकीचे काम अर्ध्या तासाचे. आतल्या खळग्यांत रिव्हेटची डोकी बसली, दुहेरी चिकटपट्टीने पट्ट्या घट्ट धरल्या. एक नुकसान झाले, आणि ते मला अजून खुपते: जुन्या पट्ट्यांत चिमटा आणि दातकोरणी यांच्यासाठी खाचा होत्या, या नव्यांत नाहीत. चिमटा आता पाकिटात असतो, म्हणजे काटा रुतला की पाकीट घरी राहिलेले असते. शिवाय आतल्या स्प्रिंगा पोलादाच्याच आहेत. त्यांना दर पंधरवड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लागतोच.

रंग घासून काढून पट्टी पुन्हा निळी करता येते. बॅटऱ्या अजून खणात आहेत. परवा आईने नीरफणसाचे देठ काढायला चाकू मागून घेतला. तिने तो भलत्याच बाजूने धरला होता आणि तिचा अंगठा त्या खुणेच्या जवळपासही नव्हता.